आकाश हरवलेला उत्तरार्ध

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावात जाऊन एखाद्या शाळकरी मुलाला ‘क्रिश कोण?’ असे विचारावे. काळा मुखवटा, काळा अंगरखा, इमारतीवरून इमारतीवर झेप, असे सारे वर्णन तो क्षणात करील. मग त्याच मुलाला दुसरा प्रश्न विचारावा : ‘आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे काय उभे राहणार आहे?’ या प्रश्नाचे उत्तर पहिल्याइतक्याच तत्परतेने येईल, अशी पैज कोणी सुज्ञ मनुष्य लावणार नाही. मुलाचा यात काडीचाही दोष नाही. मोठ्यांनी त्याच्यापुढे जे मांडले, ते त्याने घेतले.

या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध काय, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. ज्या चित्रपटातून ‘क्रिश’चा जन्म झाला, त्या चित्रपटाने भारतीय मुलाची मान आकाशाकडे वळविली होती. त्याच्या पुढच्या भागांनी ती खाली वळवून एका मुखवट्यावर खिळवून ठेवली. या मालिकेचा चौथा भाग काढण्याची घोषणा मार्च २०२५ मध्ये झाली. नव्या भागाची जाहिरात घराघरांत पोहोचण्याआधीच मागच्या भागांचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. हा हिशेब तिकिटबारीचा नाही. मुलांच्या मनात काय पेरले गेले, याचा तो हिशेब आहे.

पूर्वार्धातील आकाश

राकेश रोशन यांचा ‘कोई... मिल गया’ ऑगस्ट २००३ मध्ये प्रदर्शित झाला. परग्रहावरच्या जीवांशी संपर्क साधता येईल, या ध्यासाने झपाटलेला संजय मेहरा हा भारतीय वैज्ञानिक परदेशात संगणकाच्या साहाय्याने ओंकाराचे ध्वनी अंतराळात पाठवितो. त्याची टिंगल होते. पुढे अपघातात तो मरण पावतो आणि त्याच अपघातामुळे त्याचा मुलगा रोहित बौद्धिक वाढ खुंटलेला असा जन्माला येतो. वयाने तरुण झालेला हा मुलगा लहानग्यांच्या वर्गात बसतो, चेष्टेचा धनी होतो आणि एके दिवशी वडिलांचा जुना संगणक हाताळताना आकाशातून उत्तर येते. चुकून पृथ्वीवर राहिलेला, सूर्यप्रकाशातून बळ घेणारा ‘जादू’ त्याचा मित्र होतो.

या कथेवर उसनवारीचा आरोप झाला आणि तो निराधार म्हणता येणार नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९८२ च्या ‘ई.टी.’ची छाया तिच्यावर स्पष्ट आहे. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, सत्यजित राय यांनी बंगालच्या खेड्यात उतरलेल्या परग्रहवासीयाची पटकथा लिहिली होती, ती मात्र पडद्यावर येऊ शकली नाही. तरीही २००३ च्या या चित्रपटाचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याचा नायक बलवान नव्हता, तर समाजाने ‘मंद’ म्हणून बाजूला सारलेला मुलगा होता. अन्य सामाजिक विषयांवरील सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो याच कारणाने. रोहितला शक्ती मिळते ती मैत्रीतून, आणि मित्राची सुटका करून त्याला निरोप देताना ती गमवावीही लागते. शेवटी ती पुन्हा लाभते, परंतु त्यागाची किंमत मोजल्यानंतर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘वर कोणी आहे काय?’ हा मानवजातीचा पुरातन प्रश्न त्या कथेच्या मध्यभागी होता.

वारसाहक्काची शक्ती

जून २००६ मध्ये ‘क्रिश’ आला. आता रोहितचा मुलगा कृष्णा हा नायक आहे. त्याला सारे काही जन्मतःच मिळालेले आहे. ना त्याने आकाशाला हाक दिली, ना कोणाशी मैत्रीचे नाते जोडले, ना काही गमावले. वडिलांच्या रक्तातून बळ उतरले आणि तो महानायक झाला. कथा हिमालयाच्या कुशीतून उठून सिंगापूरला जाते. तेथे भविष्य दाखविणारे यंत्र आहे, दुष्ट शास्त्रज्ञ आहे, गगनचुंबी इमारती आहेत. ज्या अंतराळातून हे सारे आले, ते कथेच्या कडेला ढकलले गेले आहे.

नोव्हेंबर २०१३ च्या ‘क्रिश ३’ने तर कळस केला. त्यातील खलनायक ‘काल’ हा रोहितच्याच जनुकांपासून प्रयोगशाळेत निर्माण झालेला. म्हणजे नायक त्याच घरचा आणि खलनायकही त्याच घरचा! जगाचे रक्षण आणि जगाचा नाश, दोन्ही एकाच कुटुंबाची खासगी मिरास. सामान्य माणसाने करायचे काय? रोगाची साथ आली की रस्त्यावर कोसळायचे, मुखवटा दिसला की टाळ्या वाजवायच्या आणि त्याचा पुतळा उभारायचा. जो दुसऱ्याचे अश्रू पुसतो तो क्रिशच, असा उपदेश त्या चित्रपटात आहे, हे खरे. परंतु तो उपदेश संवादापुरताच राहतो. संकट निवारण्याची वेळ येते तेव्हा कथा त्याच एका घराकडे धाव घेते.

‘अहो, मनोरंजनच ते, त्यात इतके काय पाहायचे?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मनोरंजनाला आमचा विरोध नाही. उड्या आणि मारामाऱ्या पाहून मूल खूश होत असेल, तर अवश्य व्हावे. परंतु लहानपणी मनावर ठसलेली गोष्ट सल्ल्यासारखी विसरली जात नाही. शक्ती कोठून येते, या प्रश्नाचे पूर्वार्धाने दिलेले उत्तर होते : जिज्ञासेतून, स्नेहातून आणि त्यागातून. उत्तरार्धाने उत्तर दिले : बापाकडून. घराणेशाहीवर व्याख्याने देणाऱ्या समाजाने हेच उत्तर मुलांना तीन तास मन लावून पाहू द्यावे आणि त्याची खंतही वाटू नये, हे नवल नव्हे काय?

ही व्याधी केवळ मुंबईच्या चित्रपटसृष्टीची नाही. हॉलिवूडच्या २०१९ मधील ‘कॅप्टन मार्व्हल’ने जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. आपले बळ परक्यांनी दिलेले आहे, असे जिच्या मनावर बिंबवले गेले होते, त्या नायिकेला ते स्वतःचेच असल्याचा साक्षात्कार होतो, हा त्या कथेचा गाभा होता. स्वत्वाची ओळख हा विषय कोणत्याही देशात भिडतोच. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, तिचा पुढचा भाग ‘द मार्व्हल्स’ आला आणि सुमारे एकवीस कोटी डॉलरवर थांबला. त्या मालिकेतील तोवरच्या चित्रपटांत हे उत्पन्न नीचांकी ठरले. नायिका एकीच्या तीन झाल्या, ग्रह वाढले, स्फोट वाढले, परंतु गाभा हरपला. शिवाय कथा नीट कळण्यासाठी आधी दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहिलेल्या असाव्यात, अशी प्रेक्षकाकडून अपेक्षा होती. गोष्ट सांगणे थांबले आणि हप्ते वसूल करणे सुरू झाले. तेथील प्रेक्षकाने पाठ फिरविली. आपण मात्र अजून चौथ्या हप्त्याची वाट पाहत आहोत.

औंढ्याचे आकाश

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ या वेधशाळेच्या दोन यंत्रांनी एक अतिसूक्ष्म कंपन टिपले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत अखेर एकरूप झाली होती आणि त्या घटनेने अवकाशात उठलेली गुरुत्वीय लहर पृथ्वीपर्यंत पोहोचली होती. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये वर्तविलेले हे भाकीत शंभर वर्षांनी प्रत्यक्ष सिद्ध झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये हा शोध जाहीर झाला आणि त्याच महिन्यात भारत सरकारने अशी वेधशाळा भारतात उभारण्यास तत्त्वतः संमती दिली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाला अंतिम मान्यता दिली आणि ११ मे २०२३ या राष्ट्रीय तंत्रज्ञानदिनी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. स्थान : हिंगोली जिल्हा.

हे यंत्र काय करते, हे पुसेगावच्या मुलाला मराठीत सहज सांगता येईल. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात मांडायच्या. एक लेसर किरण दुभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा. टोकाला असलेल्या आरशांवरून परत आलेले दोन्ही किरण एकत्र आणून त्यांची तुलना करायची. गुरुत्वीय लहर जाताना एक बाजू किंचित लांब आणि दुसरी किंचित आखूड होते. हा फरक किती? अणुकेंद्रातील प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी! म्हणूनच रेल्वे, मोठे कारखाने आणि शहरी वर्दळ यांपासून दूर असलेली जागा लागते. लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे ठरविण्यासाठी पृथ्वीवर परस्परांपासून दूर अशी अनेक यंत्रे हवीत. अमेरिकेत दोन आहेत, इटलीत एक, जपानमध्ये एक. भारताचे यंत्र या जाळ्यात आले की उगमस्थान शोधण्याची अचूकता पुष्कळ वाढेल. विश्वाचा ठाव घेण्याच्या कामी जगाला हिंगोलीची गरज आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या प्रकल्पामागे भारतीयांची तपश्चर्या आहे. पुण्याच्या ‘आयुका’मध्ये संजीव धुरंधर यांनी या लहरींचे क्षीण संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या गणितावर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काम केले. लहर सापडेल की नाही, याची जगात कोणालाच खात्री नव्हती, त्या काळात हे काम चालले होते. या ‘आयुका’चे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. मराठी वाचकांना त्यांची आणखी एक ओळख आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांची उलटापालट करून ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने कथा पाठविली आणि पारितोषिक मिळविले. नावामुळे परीक्षक भारावू नयेत, म्हणून ही दक्षता! मोठेपणाचा वारसा दूर ठेवून गुणवत्तेवर परीक्षा देण्याचा हा बाणा पाहा आणि त्याशेजारी जन्मजात महानायकाची कथा ठेवून पाहा. त्या कथेचे नाव होते ‘कृष्णविवर’. मराठीत कागदावर उतरलेल्या त्या कृष्णविवरांचा मागोवा आता मराठवाड्याच्या भूमीवरून घेतला जाणार आहे. यापेक्षा रोमांचक उत्तरार्ध कोणत्या पटकथाकाराला सुचला असता?

अभिमान आणि अभ्यास

येथे आपल्या घरचीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. परदेशातील वेधशाळेत भारतीय वैज्ञानिक अंतराळाला ओंकार ऐकवतो, हे दृश्य पाहून अनेकांचा ऊर भरून आला. तो भरून यावा, यात गैर काही नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकांचा अभिमान त्या टाळीपाशीच थांबतो. ‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून पुस्तक मिटणे, हीसुद्धा ‘क्रिश’चीच वृत्ती होय. शक्ती रक्तातून आली आहे, आता आपण काही करण्याची आवश्यकता नाही, असा तिचा अर्थ होतो.

पूर्वजांची रीत अशी नव्हती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांचा नातू चांगदेव हा यादवांच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या कीर्तीवर त्याचे आयुष्य सुखात गेले असते. त्याने काय केले? तेराव्या शतकाच्या आरंभी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. वारसा मिळाला की त्याची शाळा काढायची, पुतळा नव्हे, हा धडा महाराष्ट्राच्या भूमीत आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला आहे.

आजच्या भारतानेही तो धडा एकदा उत्तम गिरवला आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरता उतरता कोसळला. इस्रोच्या अभियंत्यांनी डोळे पुसले आणि चुका मोजायला घेतल्या. पाय अधिक भक्कम केले, इंधन वाढविले, पाच इंजिनांऐवजी चार ठेवली, वेग मोजणारे लेसर उपकरण बसविले, उतरण्यासाठी निश्चित केलेले क्षेत्र अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनावरून चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटरच्या जवळपास रुंद केले. काय काय बिघडू शकते, याचा विचार करून आखणी झाली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरले. उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा सरस कसा करावा, हे ज्यांना शिकायचे असेल त्यांनी इस्रोकडून शिकावे. तेथे मुखवटा कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे ते फळ होते.

जांबुवंतांचे काम

प्रश्न असा आहे की, औंढ्याची वेधशाळा या दशकाच्या अखेरीस सुरू करण्याचे उद्दिष्ट असताना तिच्या आसपासच्या गावांतील मुले तेथे कोणत्या दाराने प्रवेश करणार? पहारा, सफाई, उपाहारगृह ही कामे मानाचीच आहेत. परंतु हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढ्याच्या वाट्याला तेवढीच कामे आली आणि लेसर, निर्वात तंत्र, संगणन, गणित यांसाठी सारी माणसे बाहेरून आणावी लागली, तर तो कोणाचा पराभव म्हणायचा? काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्याला त्या वेळी फार टोचेल. आज जो मुलगा सातवीत आहे, तो ही यंत्रणा पूर्ण जोमाने चालू लागेल तेव्हा ऐन उमेदीत असेल. वेळ फार नाही.

मारुतीला समुद्र ओलांडण्याचे बळ होते, पण त्याला त्याचे विस्मरण झाले होते. जांबुवंताने आठवण करून दिली आणि मग ती झेप घडली. ती झेपही स्वतःच्या मिरवणुकीसाठी नव्हती, कार्यासाठी होती. आपल्या परंपरेतील या कथेत जांबुवंताचे स्थान उड्डाणाइतकेच महत्त्वाचे आहे. शिक्षक, पालक आणि गावोगावचे कार्यकर्ते यांनी आज ते काम अंगावर घेतले पाहिजे.

त्यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. पुसेगावसारख्या गावाला शहरात पैसे देऊनही न मिळणारी एक गोष्ट उपलब्ध आहे : शिवारातला अंधार. दिवाळीनंतरच्या निरभ्र रात्री शाखेतील आणि शाळेतील मुलांना घेऊन शेतात बसावे. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध ही नावे आजीच्या तोंडून ऐकलेली असतात, ती आता आकाशात बोट ठेवून दाखवावीत. साधी दुर्बीण मिळाली तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, आणि ते पाहिलेले मूल तो क्षण सहसा विसरत नाही. गावच्या वाचनालयात नारळीकरांची पुस्तके आहेत काय, ती फाटलेली आहेत की कोरी आहेत, हे तपासावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी भाषणांची संख्या कमी करून औंढ्याच्या यंत्राची प्रतिकृती दोन पुठ्ठ्याच्या नळ्या आणि दोन आरसे घेऊन मुलांकडूनच करवून घ्यावी. गणितात मागे पडणाऱ्या मुलाला, विशेषतः आठवी ते दहावीच्या मुलींना, आठवड्यातून दोन संध्याकाळ शिकविणारा एक महाविद्यालयीन तरुण प्रत्येक मोठ्या गावात उभा करता येणार नाही काय? आणि प्रकल्पाची माहिती सोप्या मराठीत, शाळाशाळांतून द्यावी, असा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरावा. हा आग्रह धरण्याचा अधिकार ज्यांच्या भूमीवर ही वेधशाळा उभी राहणार, त्या सर्वांना आहे.

‘क्रिश’चा चौथा भाग जेव्हा यायचा तेव्हा येवो. मुले तो पाहतील, पाहोत बापडी. त्यांना अडविण्यात अर्थ नाही आणि अडविल्याने काही साधतही नाही. परंतु चित्रपट संपल्यावर घरी परतणाऱ्या मुलाला मुखवटा विकत घेऊन देण्याआधी त्याच्या वडिलांनी क्षणभर थांबून वर पाहावे. संजय मेहराने ज्या आकाशाला हाक दिली, ते आकाश पुसेगावच्या शिवारावर आजही तसेच पसरलेले आहे, आणि त्याकडे लावायचा कान आपल्याच जिल्ह्यात घडविला जाणार आहे. त्या कानाशी बसून ऐकणाऱ्यांमध्ये आपले मूल असेल की नाही, याचा निर्णय मुंबईचा कोणताही निर्माता करणार नाही. तो पुसेगावच्या घराघरांत, येत्या चार-पाच वर्षांत व्हायचा आहे.